समजून घ्या : घराला चार कॅमेरे, मग चोरीच्या रात्रीचे फुटेज गेले कुठे?

वाशिम : सोयाबीन विकून झाले, दिवाळी आटोपली की जिल्ह्यातील अनेक घरांना काही दिवस कुलूप लागते. कुणी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाते, कुणी लग्नकार्याला, कुणी देवदर्शनाला. घरी कॅमेरे लावलेले असतात आणि मोबाइलवर अंगण दिसत असते, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो.

परत आल्यावर कडीकोयंडा तुटलेला दिसतो. शेजारीपाजारी जमतात, डीव्हीआर उघडला जातो आणि तेव्हा कळते, की शेवटचे फुटेज महिनाभरापूर्वीचे आहे. कधी फुटेज सापडते, पण चोराच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग असतो. कधी चेहराही नीट दिसतो, पण स्क्रीनवरची तारीख १ जानेवारी २००० असते.

या तिन्ही प्रसंगांत कॅमेरा चालूच होता आणि मोबाइलवर रोज दिसतही होता. अडचण कॅमेऱ्याच्या मागे होती. हार्ड डिस्क, विजेची जोडणी, घड्याळ, कॅमेऱ्याची जागा आणि पासवर्ड या पाच गोष्टींकडे कॅमेरे बसवल्याच्या दिवसानंतर सहसा कुणी पाहत नाही. त्या नीट केल्या, तर आहे त्याच सीसीटीव्हीचा उपयोग कितीतरी वाढतो. त्यासाठी खर्चही फारसा येत नाही.

लाइव्ह दिसते म्हणजे रेकॉर्ड होते का?

नाही. लाइव्ह चित्र आणि रेकॉर्डिंग ही दोन वेगळी कामे आहेत. कॅमेऱ्याचे चित्र डीव्हीआरमध्ये (फुटेज साठवणारी पेटी) येते. तेथून ते मोबाइलवर पाठवले जाते आणि त्याच वेळी पेटीतील हार्ड डिस्कवर लिहिले जाते. डिस्क खराब झाली तरी पहिले काम सुरूच राहते. त्यामुळे पुण्यात बसलेल्या मुलाला घर दिसत राहते आणि साठवणूक बंद पडल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

हार्ड डिस्क हा या यंत्रणेतील सर्वांत आधी झिजणारा भाग आहे. ती चोवीस तास फिरत असते. टिनपत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा बंद कपाटात डीव्हीआर ठेवला असेल तर मे महिन्यात आतील हवा भट्टीसारखी तापते. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या हार्ड डिस्क साधारण ६५ ते ७० अंश तापमानापर्यंत काम करतील अशाच बनवलेल्या असतात. बाहेर ४४ अंश असताना हवा न खेळणाऱ्या डब्यात ही मर्यादा फार दूर राहत नाही.

म्हणून तपासायचे ते प्लेबॅक. महिन्यातून एकदा ॲपमध्ये किंवा टीव्हीवर ‘प्लेबॅक’ उघडा. कालची रात्र, आठ दिवसांपूर्वीची रात्र आणि सर्वांत जुनी उपलब्ध तारीख अशा तीन ठिकाणचे फुटेज चालवून पाहा. ही तपासणी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळी करा. बहुतेक डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये ‘हार्ड डिस्क एरर’, ‘नो डिस्क’ आणि ‘व्हिडिओ लॉस’ असे इशारे असतात. ते सुरू करून मोबाइलवर नोटिफिकेशन येईल असे ठेवले, तर बिघाड त्याच दिवशी कळतो.

फुटेज किती दिवस टिकते?

याचे उत्तर साध्या गुणाकाराने मिळते. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट या वेगाने माहिती लिहीत असेल, तर एका दिवसात सुमारे २२ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना रोज सुमारे ८६ जीबी. डिस्क १ टीबीची असेल तर ती ११ दिवसांत भरते. डिस्क ५०० जीबीची असेल तर पाच-सहा दिवसांत.

डिस्क भरली की डीव्हीआर थांबत नाही. तो सर्वांत जुने फुटेज पुसून त्या जागी नवे लिहितो. म्हणजे १५ दिवसांसाठी गावाला गेलेल्या कुटुंबाकडे चोरी दुसऱ्याच रात्री झाली, तर घरी येईपर्यंत ते फुटेज पुसले गेलेले असते. कुणी काही मुद्दाम पुसायची गरजच पडत नाही.

यावर उपाय तीन. पहिला, सेटिंगमधील ‘व्हिडिओ कॉम्प्रेशन’मध्ये एच.२६४ ऐवजी एच.२६५ हा पर्याय असेल तर तो निवडा. चित्राचा दर्जा तोच राहून जागा जवळपास निम्मी लागते आणि ११ दिवसांचे २०-२२ दिवस होऊ शकतात. दुसरा, हालचाल नसलेल्या वेळी कमी फ्रेममध्ये आणि हालचाल झाली की पूर्ण दर्जाने रेकॉर्ड करायचा पर्याय असेल तर तो घ्या. ‘फक्त हालचाल झाल्यावर’ रेकॉर्डिंग ठेवल्यास जागा आणखी वाचते. मात्र हालचाल टिपायची राहिली तर तेवढा भाग मिळत नाही. म्हणून मुख्य दाराच्या कॅमेऱ्याला सलग रेकॉर्डिंगच बरे. तिसरा, डिस्क बदलायची वेळ आली तर २ टीबीची, सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या. जुन्या संगणकातून काढलेली डिस्क सतत लिहिण्याच्या कामासाठी बनवलेली नसते.

घरमालकाला आपल्या घरापुरता एक आकडा पाठ हवा. ‘आमच्याकडे इतक्या दिवसांचे फुटेज राहते.’ त्याहून जास्त दिवस बाहेर राहायचे असेल, तर मोबाइलवरून अधूनमधून पाहणी करायला हवी.

वीज गेली की काय होते?

गावाला जाताना ‘मेन स्विच बंद केला का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. शॉर्टसर्किटची भीती खरी असते. पण मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले, तर घर रिकामे असताना नेमके कॅमेरेच बंद राहतात. इलेक्ट्रिशियनकडून सीसीटीव्हीसाठी वेगळी एमसीबी बसवून घेतली, की बाकीचे घर बंद ठेवून तेवढीच लाइन चालू ठेवता येते.

वादळवाऱ्यात, पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा दुसरी चूक उघडी पडते. डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, पण कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा करणारा डबा साध्या लाइनवर असतो. किंवा हे दोन्ही इन्व्हर्टरवर असतात आणि वायफाय राउटर राहून जातो. अशा वेळी रेकॉर्डिंग होते, पण मोबाइलवर काहीच दिसत नाही आणि इशाराही येत नाही. डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय आणि राउटर ही तिन्ही उपकरणे एकाच बॅकअपवर हवीत.

चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ३० ते ४० वॅट वीज खातात, म्हणजे एका छोट्या पंख्याइतकी. चोवीस तास चालले तरी दिवसाला एका युनिटच्या आत. संगणकासाठी मिळणाऱ्या लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते. तिच्यावर हा भार जेमतेम तासभर निघतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल आणि तिच्यावर दुसरे काही चालत नसेल, तर पूर्ण रात्र सहज निघते. बाहेरगावी जाण्यापूर्वी बॅटरीतील पाण्याची पातळी पाहावी आणि इन्व्हर्टरवरचे पंखे, टीव्ही बंद करावेत.

बॅकअप खरोखर चालतो का, याची चाचणी सोपी आहे. घरी असताना मेन स्विच बंद करा, मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ॲप उघडा आणि चित्र किती वेळ टिकते ते पाहा.

मे-जूनमधील वळवाच्या पावसात आणखी एक धोका असतो. जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारांमधून झटका आत येतो आणि डीव्हीआरचे पोर्ट जळतात. गोठ्यावर किंवा गोडाऊनवर कॅमेरा लावून घरापर्यंत शे-दोनशे फूट वायर ओढली असेल तर हा धोका अधिक. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे आणि सर्ज प्रोटेक्टर लावणे हा उपाय आहे. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

चेहरा ओळखू का येत नाही?

झूम करून चेहरा स्पष्ट होतो, हे चित्रपटात. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने जेवढे ठिपके टिपले तेवढेच हाती असतात.

सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी ढोबळ मोजमाप दिलेले आहे. माणूस आहे एवढे कळण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ पिक्सेल लागतात आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवण्यासाठी २५०. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. २५० ने भागले तर येतात सुमारे साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट. कॅमेरा यापेक्षा रुंद दृश्य दाखवत असेल, तर अनोळखी चोराचा चेहरा पोलिसांच्या कामाचा राहीलच असे नाही. ९० अंशांत पाहणाऱ्या लेन्ससमोर १२-१३ फुटांवरच दृश्य २५ फूट रुंद होते. जुन्या १ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ही मर्यादा त्याहूनही अलीकडे येते.

बहुतेक घरांत कॅमेरा गच्चीच्या कोपऱ्यावर, १५-१८ फुटांवर बसवलेला असतो. ‘सगळे अंगण दिसले पाहिजे’ ही घरमालकाचीच मागणी असते. अंगण दिसते, पण चोराची टोपी आणि खांदेच दिसतात. म्हणून चारपैकी निदान एका कॅमेऱ्याला चेहऱ्याचे काम द्यावे. ज्या वाटेने आत यावेच लागते त्या फाटकासमोर किंवा मुख्य दाराशी, सात-आठ फूट उंचीवर, समोरून येणाऱ्याकडे तोंड करून तो बसवावा. बाकीचे कॅमेरे परिसरासाठी असू द्या. यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, आहे त्यापैकी एकाची जागा बदलली तरी काम भागते.

चाचणीही घरच्या घरी होते. रात्री दिवे घालवून घरातील एकाने फाटकातून चालत दारापर्यंत यावे. नंतर ते फुटेज प्लेबॅकमध्ये लावून चित्र थांबवावे. हा माणूस अनोळखी असता तर ओळखता आला असता का, हे प्रामाणिकपणे ठरवावे.

रात्रीच सगळे पांढरे का होते?

अंधारात कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. लेन्ससमोर कोळ्याचे जाळे, लोंबणारी वायर, छताची कड किंवा जवळची पांढरी भिंत असेल, तर हा प्रकाश तिच्यावर आपटून परत येतो. जवळची वस्तू लख्ख उजळते आणि मागचा माणूस काळोखात जातो. पावसाळ्यात या दिव्यांच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. सोंगणी-मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ लेन्सवर बसली की चित्र आणखी धूसर होते.

महिन्यातून एकदा मऊ, किंचित ओल्या कापडाने काच पुसणे एवढेच करायचे आहे. कोरड्या खरखरीत फडक्याने काचेवर चरे पडतात आणि रात्री तेच चमकतात.

इन्फ्रारेडमध्ये चित्र काळे-पांढरे असते. शर्ट लाल होता की निळा, गाडी कोणत्या रंगाची, हे कळत नाही. फाटकावर ९ वॅटचा एलईडी रात्रभर जळत ठेवला, तर १२ तासांत युनिटचा दहावा भागच खर्च होतो. त्या उजेडात अनेक कॅमेरे रंगीत चित्र देतात. उजेड असलेले फाटक चोरालाही नकोसे असते, हा वेगळा फायदा.

मोबाइलवर दिवसभर अलर्ट येतात, काय करावे?

झाडाची फांदी हलली, मांजर गेले, पाऊस आला, तरी अलर्ट येतो. चार दिवसांत माणूस कंटाळून नोटिफिकेशन बंद करतो आणि यंत्रणेचा अर्धा उपयोग तेथेच संपतो.

अलर्ट बंद करू नका, कमी करा. ‘मोशन डिटेक्शन’मध्ये चित्रावर चौकटी आखता येतात. त्यातून झाड, रस्ता आणि शेजारचे अंगण वगळा, फक्त फाटक, दार आणि जिना ठेवा. संवेदनशीलता मध्यमच्या खाली आणा. ‘ह्यूमन डिटेक्शन’ किंवा ‘लाइन क्रॉसिंग’ असेल तर तो पर्याय निवडा, म्हणजे माणसाने ठरावीक रेषा ओलांडली तरच सूचना येईल. अलर्टची वेळही ठरवता येते. घरी माणसे असतील तेव्हा रात्री ११ ते पहाटे ५ पुरेसे आहे. घर बंद असताना चोवीस तास ठेवा.

अलर्ट आला आणि अंगणात खरोखर कुणी दिसले तर काय, हेही आधी ठरलेले हवे. शेजारच्या दोन घरांचे नंबर, स्थानिक पोलिस ठाण्याचा नंबर आणि ११२ हे जवळ असावेत. ११२ ही सेवा राज्यनिहाय चालते. पुण्यातून किंवा मुंबईतून केलेला फोन महाराष्ट्राच्याच यंत्रणेकडे जातो आणि वाशिम जिल्ह्यातील पत्ता सांगता येतो. हैदराबाद किंवा बंगळूरमध्ये असलेल्या मुलाचा फोन मात्र तेथील यंत्रणेकडे लागेल. त्याच्याकडे गावच्या पोलिस ठाण्याचा थेट नंबर हवाच. शेजाऱ्यांनीही एकट्याने आत जाऊ नये, चौघे मिळून बाहेरून आवाज द्यावा.

पुण्यातून पाहताना डेटा किती लागतो?

पूर्ण दर्जाचे, २ मेगाबिटचे चित्र तासाला सुमारे ९०० एमबी डेटा खाते. गावच्या घरी रोज दीड जीबी मिळणारे सिम राउटरमध्ये असेल, तर पावणेदोन तासांत दिवसाचा डेटा संपतो. त्यानंतर अलर्टही अडखळतात. ॲपमध्ये ‘एसडी’ किंवा ‘सब स्ट्रीम’ निवडला, की तेच चित्र तासाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास येते. रोजच्या नजरेसाठी तेवढे पुरते. डिस्कवरचे रेकॉर्डिंग पूर्ण दर्जाचेच राहते.

शेतातील विहीर, मोटार किंवा गोठ्यासाठी हिशेब वेगळा आहे. कृषी फिडरवर वीज ठरावीक तासांतच असते, त्यामुळे तेथे सौर पॅनल आणि सिम असलेला कॅमेरा सोयीचा पडतो. तो बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असतो आणि उष्ण शरीर हलले की जागा होतो. त्यामुळे रोही आणि रानडुक्करही त्याला जागे करतात. घेण्यापूर्वी त्या जागी त्या कंपनीच्या सिमला रेंज आहे का, हे आपल्याच मोबाइलवर पाहून घ्या. अशा कॅमेऱ्याचे फुटेज त्याच्यातीलच मेमरी कार्डवर असते. कॅमेरा चोरला तर कार्डही जाते, म्हणून तो हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर हवा.

घरातही हाच मुद्दा लागू होतो. सराईत चोर डीव्हीआरच उचलून नेतो. टीव्हीखालच्या टेबलावर तो उघडा ठेवू नका. जाळीच्या, हवा खेळणाऱ्या आणि कुलूप लागणाऱ्या जागी ठेवा. चेहऱ्याच्या कॅमेऱ्याचे फुटेज मेमरी कार्डवर किंवा क्लाउडवरही राहील अशी सोय करता आली, तर पेटी गेली तरी पुरावा उरतो.

आपला कॅमेरा दुसराच कुणी पाहत असेल तर?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. त्या हल्ल्यामागे ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतलेली लाखो साधी उपकरणे होती आणि त्यांत घरगुती कॅमेरे व डीव्हीआर मोठ्या संख्येने होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता. अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तेथेही सोप्या पासवर्डचाच मुद्दा पुढे आला.

केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षाविषयक अत्यावश्यक निकष ठरवले असून ते ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला या निकषांतील चाचणीबद्दल विचारावे. जुन्या यंत्रणेची काळजी मात्र मालकालाच घ्यावी लागेल.

डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड बदला. ‘admin’ऐवजी लांब आणि गावाच्या, मुलांच्या नावाशी संबंध नसलेला पासवर्ड ठेवा. तो कागदावर लिहून घरातील कागदपत्रांसोबत जपा. कॅमेरे बसवणाऱ्याला काम संपल्यावर तो माहीत असायची गरज नाही. घरातील इतरांना ॲपच्या ‘शेअर’ पर्यायातून फक्त पाहण्याची परवानगी द्या. डीव्हीआरवरच्या क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. जुना मोबाइल विकण्यापूर्वी ॲपमधून लॉगआउट करा. डीव्हीआरचे सॉफ्टवेअर अपडेट आले असेल तर ते घ्या.

शेजाऱ्याचे अंगण दिसले तर चालते का?

आपले फाटक आणि आपली गाडी दिसावी म्हणून कॅमेरा लावणे हा हक्क आहे. शेजाऱ्याची न्हाणी, खिडकी किंवा अंगण टिपण्याचा हक्क नाही. कुणाच्या खासगी अवयवांचे चित्रण संमतीशिवाय करणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

जवळजवळ प्रत्येक डीव्हीआरमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. चित्रातील नको तेवढा भाग त्याने कायमचा काळा करता येतो. शेजाऱ्याला बोलावून तो दाखवला, की वाद तेथेच मिटतो. घरातही हाच नियम. म्हाताऱ्या आई-वडिलांची काळजी म्हणून कॅमेरा लावताना तो कुठे आहे, कोण पाहते आणि केव्हा पाहते, हे त्यांना माहीत हवे. ओसरी आणि दार पुरे, झोपायची खोली नको.

घड्याळ चुकले तर काय बिघडते? जालन्याचा खटला काय सांगतो?

विद्युत पुरवठा तुटल्यावर डीव्हीआरचे घड्याळ आतील नाण्याएवढ्या सेलवर चालते. काही वर्षांनी तो सेल संपतो आणि प्रत्येक वेळी वीज गेली की तारीख भलत्याच सालात जाते. मग ठरावीक रात्रीचे फुटेज शोधायचे कसे, आणि ते त्याच रात्रीचे आहे हे सांगायचे कसे? सेल स्वस्त असतो, दुरुस्तीवाला तो बदलून देतो. त्याशिवाय सेटिंगमध्ये ‘एनटीपी’ सुरू करून वेळ विभाग +५:३० ठेवला, की घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहते.

कॅमेऱ्यातील वेळ आणि कागदपत्रे किती महत्त्वाची ठरतात, हे शेजारच्या मराठवाड्यातील एका खटल्याने देशाला दाखवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजेपर्यंतच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे करण्यात आले. मात्र सीडीवरील त्या प्रतीसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र नव्हते. वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये खोतकर यांची निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर त्याची गरज नाही. आणि कुणी प्रमाणपत्र देत नसेल तर ते मिळवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो, असे त्यात स्पष्ट झाले. या प्रकरणात चित्रणाव्यतिरिक्त इतर पुरावाही होता, त्यामुळे खोतकर यांचे अपील फेटाळले गेले.

तेव्हा हा नियम पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि तो कलम ६३ मध्ये आला. आता प्रमाणपत्राचा नमुना कायद्यातच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. फाइलचा हा अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये किंचितही बदल झाला तर ठसा बदलतो.

घरमालकासाठी याचा अर्थ असा, की व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप तपासाला दिशा देऊ शकते, पण न्यायालयात मूळ डीव्हीआर किंवा त्यातून नीट काढलेली प्रत लागते. टीव्हीच्या स्क्रीनचे मोबाइलने काढलेले शूटिंग तिची जागा घेऊ शकत नाही.

चोरी झालीच, तर आधी काय करावे?

कपाट, कडी, वस्तू यांना हात न लावता पोलिसांना कळवा. त्यानंतर डीव्हीआरकडे वळा.

तारीख-वेळ चुकीची दिसली तरी लगेच दुरुस्त करू नका. डीव्हीआरची स्क्रीन आणि मोबाइलचे घड्याळ एकाच फोटोत घ्या. दोन्हींतील फरक कागदावर लिहा. त्यावरून खरी वेळ काढता येते. घड्याळ मधेच बदलले तर गोंधळ वाढतो.

घटना जुनी असेल आणि डिस्क भरत आली असेल, तर ‘ओव्हरराइट’ बंद करा किंवा रेकॉर्डिंग थांबवा. डिस्क फॉरमॅट करू नका, ‘रीसेट’चे बटण दाबू नका. घाईत नवखा माणूस बोलावून पेटी उघडू नका.

कोऱ्या पेन ड्राइव्हवर ‘बॅकअप’ पर्यायातून घटनेच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, सर्व कॅमेऱ्यांचा काढून घ्या. चोर दिसतो तेवढेच दोन मिनिट काढले, तर तो आला कुठून आणि गेला कुठे हे राहून जाते. काही डीव्हीआर वेगळ्याच फॉरमॅटमध्ये फाइल देतात. तेव्हा सोबतचा प्लेअरही कॉपी करा. पोलिस डीव्हीआर किंवा डिस्क ताब्यात घेणार असतील तर जप्ती पंचनाम्यात मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिला गेला आहे ना, ते पाहा. बिल आणि वॉरंटी कार्ड येथे उपयोगी पडते.

गल्लीतील इतर कॅमेरे विसरू नका. समोरच्या दुकानाची डिस्क कदाचित आठच दिवसांची असेल. त्यांना त्याच दिवशी विनंती करा आणि त्या कॅमेऱ्यांची माहिती पोलिसांनाही द्या.

महिन्याला दहा मिनिटे

घरातील एका माणसाने, समजा दर महिन्याच्या १ तारखेला, एवढे करावे :

* प्रत्येक कॅमेऱ्याचे कालचे आणि सर्वांत जुने फुटेज चालवून पाहणे.
* डीव्हीआरची वेळ मोबाइलशी ताडून पाहणे.
* मेन स्विच बंद करून बॅकअप तपासणे.
* लेन्स पुसणे, जाळी काढणे.
* रात्रीचे फाटकावरचे चित्र पाहणे.
* ॲपमध्ये कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत ते पाहणे. नको असलेले काढून टाकणे.

गावाला निघायच्या आदल्या दिवशी हीच यादी पुन्हा पाहावी. शेजाऱ्याकडे एक किल्ली आणि एक फोन नंबर ठेवावा. आणि मेन स्विचला हात लावण्यापूर्वी सीसीटीव्हीची लाइन वेगळी आहे ना, एवढे विचारावे.